छापलेला महिना

लेखककोशाच्या 'स'च्या गठ्ठ्यात स्निग्धारानी महांती हे नाव असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी येऊन पंखा लावला, पदर खोचला, पानाची डबी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली आणि लाल पेन्सिल घेऊन कृतिसूच्या तपासायला बसले. तपासताना मी नावं वाचत नाही. हे ऐकून नवी माणसं हसतात, पण खरंच वाचत नाही. पुस्तकाचं नाव तिरप्या टाईपात आहे का, कवितेचं एकेरी अवतरणात आहे का, वर्ष कंसात आहे का, कंस बंद झालाय का, दोन नोंदींच्या मध्ये अर्धविराम पडलाय की कुण्या आळशानं स्वल्पविरामावर भागवलंय, एवढंच डोळे बघतात. माणूस कोण, केवढा, त्याच्या गळ्यात किती हार पडले, याच्याशी माझं देणंघेणं नाही. तर तशीच त्या पानावरून खाली उतरत आले. पाच कविता. नावं अवतरणात, मासिकं तिरपी, महिना, वर्ष, सगळं जिथल्या तिथं. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून काम केलंय, असं मनात म्हटलंसुद्धा. शेवटच्या नोंदीपुढे चांदणी होती. 'मेढामागची बाजू', गंगशिउली, पूजा संख्या, अश्विन. चांदणी म्हणजे लेखक गेल्यानंतर छापलेलं. तीही योग्य जागी, नावाला चिकटून, मध्ये पोकळी न सोडता. मी बरोबरची खूण केली. पेन्सिल पुढच्या नोंदीकडे न्यायला उचलली आणि हात तिथंच राहिला, कारण 'मेढामागची बाजू' हे नाव मला पाठ होतं. वर बघितलं. स्निग्धारानी महांती. म्हणजे कुनी. म्हणजे माझी मुलगी.

आधी आला तो राग. रडू नाही, राग. रडण्याचं माझं ठरलेलं असतं, देवघरात, सकाळी, कुणी उठायच्या आत. ऑफिसात हे असं समोरून येऊन उभं राहायचं नाही. मी सुलग्नाला हाक मारली ती इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. सुलग्ना आमच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी, मला अपा म्हणजे ताई म्हणते, कुनी असती तर तिच्याच वयाची असती. आली ती दाराच्या चौकटीला टेकूनच उभी राहिली. तिला माहीत होतं कशासाठी बोलावलंय.

“हे कुणाला विचारून घातलंस?”

“दुर्योधनबाबूंना.”

“आणि मला?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात, अपा.”

“म्हणालेच असते! आईनं तपासलेल्या कोशात लेकीची नोंद. लोक शेण घालतील तोंडात. घरचं दुकान आहे काय हे?”

“निकष तुमचेच आहेत,” ती म्हणाली. घाबरली होती, पण हटली नाही. “ग्रंथ नसेल तर मान्य मासिकातल्या पाच कविता. ती बसते. बसली नसती तर मी घातली नसती. तुमच्या हाताखाली शिकलेय मी.”

मी पानावर बोट ठेवलं. “ही चांदणी?”

“त्या भाद्रपदात गेल्या. अंक अश्विनाचा. नियमानं...” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. “चुकलं का काही?”

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर आहे. जा तू.”

बरोबरच होतं. तीच तर पंचाईत. आमच्याकडे कटकात पूजा संख्या, म्हणजे दुर्गापूजेचा विशेषांक, अश्विनाची असते आणि अश्विनात कधीच निघत नाही. जगन्नाथाचे रथ माघारी फिरले की संपादक कवींच्या मागे लागतात, श्रावणात छापखाने रात्रंदिवस चालतात, आणि गणेशपूजेच्या आसपास बिनोद बिहारीच्या गल्लीत, पुस्तकांच्या बाजारात, गठ्ठे येऊन पडायला लागतात. ज्याचा अंक आधी त्याचा खप, त्यामुळे दरवर्षी एखादा शहाणा आणखी आठवडाभर अलीकडे सरकतो. देवीच्या अंगावर अजून माती चढलेली नसते आणि तिच्या पूजेचा अंक लोकांनी वाचून उशाला घेतलेला असतो. मुखपृष्ठावर मात्र अश्विन. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. कोशाचं काम सुरू झालं तेव्हा यानंच मला पहिल्यांदा छळलं होतं. त्या वेळी जो तो आपल्या मनानं सूच्या करायचा. कुणी लिहिल्याचं वर्ष घाली, कुणी छापल्याचं, कुणी संपादकाला भेटून आल्याचं. एका कवीच्या सूचीत प्रत्येक पुस्तकापुढे ‘अजरामर’ असं लिहिलेलं होतं, आणि नोंद त्याच्या जावयानं केली होती. मी तीन महिने खपून नियम बसवले. सगळ्यांना एकच माप. मोठ्याला मोठं नाही, छोट्याला छोटं नाही. आणि महिन्याचा नियम असा की अंकावर जो छापलाय तोच खरा. अंक प्रेसमधून कधी निघाला, टपालात किती दिवस लोळला, लेखकाच्या हाती कधी पडला, हे आपण विचारायचं नाही. विचारायला लागलो तर अंत नाही.

त्या नियमावरून माझ्याशी भांडायला एकच माणूस आला होता. ब्रजसुंदर नंद, केंद्रापडाकडचे निवृत्त मास्तर. ‘क’चं प्रूफ त्यांना बघायला पाठवलं होतं, त्यात त्यांच्या बायकोची, कुमुदिनी नंदांची नोंद होती. शेवटच्या कथेवर चांदणी. म्हातारा बसनं आला, छत्री, रबरी चपला, आणि मेणकापडाच्या पिशवीत तो अंक. टेबलावर अंक उघडून ठेवला आणि पानाच्या कडेला बोट दाखवलं. हळदीचा डाग होता. “स्वयंपाक टाकून आली होती बघायला,” म्हणाले. “हा तिच्या अंगठ्याचा. ती असताना आला होता अंक. मग हे चिन्ह कसं?” मी त्यांना अंकावरचा महिना दाखवला, मृत्यूची तारीख दाखवली. ते पुन्हा अंगठा दाखवायला लागले. शेवटी मी म्हटलं, “मास्तरबाबू, हळदीच्या डागाला आम्ही संदर्भ म्हणत नाही.” ते रागावले नाहीत. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर अंक पुन्हा मेणकापडात गुंडाळला, नीट, कोपरे दुमडून. “नियम असेल तर असू दे, मा,” म्हणाले. “पण ती फार हसली होती हो.” चांदणी छापली गेली. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच केलं असतं. पण आज सकाळपासून तो अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही, हेही खरं.

कुनीला हा नियम पाठ होता. तिला माझे सगळेच नियम पाठ होते, कारण ती त्यांच्यातच वाढली. मी प्रूफं घरी न्यायची, ती माझ्या मांडीला टेकून शाळेचा अभ्यास करायची, आणि मधूनच मान वर करून आपल्या बोऊला, म्हणजे मला, विचारायची, “बोऊ, कंस उघडा राहिला तर काय होतं?” मी म्हणायची, “थंडी वाजते.” मोठी झाल्यावर टिंगल सुरू झाली. जेवायला बसली की ताटाची सूची करायची. एकेरी अवतरणात डालमा, बोऊ, गुरुवार. एकेरी अवतरणात माछ बेसर, बोऊ, रविवार. एकेरी अवतरणात पखाळ, बोऊ, बारमास. कुनीबापांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एकदा हौसेनं भात लावला होता, त्याचा पार लगदा झाला. कुनी म्हणाली, “हे अपूर्ण कृतींमध्ये घाल.” ते बिचारे हसून हसून उठून गेले. तिच्या मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका उशिरा छापून आली, लग्न उरकून गेलेलं. तर ही म्हणते, “बोऊ, तुझ्या नियमानं तिचं अजून व्हायचंय. छापलेला महिना खरा.” मी तिला पेन्सिल फेकून मारली होती. लागली नाही. मला नेम धरता येत नाही.

कविता ती चोरून लिहायची आणि चोरूनच पाठवायची. माझं नाव लावायची नाही, पत्ता मैत्रिणीचा द्यायची. पहिली छापून आली ती मला बाजारात दुसऱ्यानं दाखवली. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, “तुला दाखवली असती तर तू कविता बघितलीच नसतीस, अर्धविराम बघितला असतास.” खरं होतं ते. लागलं मला. पण मी तिला सांगितलं नाही की त्या कवितेत दोन ठिकाणी विरामचिन्ह चुकलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. सुलग्ना कोपऱ्यावरून दहीबरा-आळूदम घेऊन आली, तोही पानात तसाच निवत राहिला. थोड्याच वेळात दुर्योधनबाबू आले त्यावरून कळलं की ती कुठं जाऊन आलीय. दुर्योधन सामल, आमचे प्रधान संपादक. माणूस नावाच्या अगदी उलट, मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकेल. आले ते थेट माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि पान आपल्याकडे फिरवून घेतलं.

“कनक, चांदणी काढा.”

“का?”

“का म्हणजे? तो अंक प्रेसमधून मी आणला होता. पाठीचा डिंक ओला होता अजून. बाकीच्या प्रतींना पुठ्ठा लागायचा होता, मी त्या बाइंडरच्या डोक्यावर उभा राहून एक प्रत बांधून घेतली. तुमच्या हातात दिली दवाखान्याच्या जिन्यावर. विसरलात?”

“विसरायला काय झालं?”

“मग? मुलगी होती तेव्हा. मरणोत्तर कसलं?”

“अंकावर अश्विन आहे.”

“अहो, अश्विन गेला खड्ड्यात! तुम्ही माणूस आहात की कंस?”

मी म्हटलं, “कुमुदिनी नंदांची काढता का?”

‘क’चा खंड छापून, बांधून, विकूनही झालाय. मास्तर पण गेले, परवाच्या उन्हाळ्यात. दुर्योधनबाबू हळूच म्हणाले, “एका चांदणीनं कोश बुडत नाही. कुणाला कळणार आहे? सही मी करतो. तुम्ही फक्त पान माझ्याकडे सरकवा, बघू नका.” चष्मा काढला, पुसला. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. “पान उद्या सकाळी छापखान्यात जायचंय ना,” मी म्हटलं. “घरी नेते. त्यांना दाखवते. तिचे वडील आहेत ते.” दुर्योधनबाबू उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “त्यांनाच विचारा. ते तुमच्यापेक्षा शहाणे आहेत.”

एवढं साधं होतं सगळं. एक टिंबाएवढं चिन्ह. ते राहिलं तर पुढची शंभर वर्षं जो कुणी हे पान उघडेल तो समजेल की या मुलीनं आपली शेवटची कविता छापलेली बघितली नाही. बिचारी, म्हणेल, आणि पान उलटेल. आणि ते खोटं आहे. तिनं बघितली. माझ्या देखत बघितली. ते काढलं तर कुनीपुरतं खरं होईल, आणि मी वीस वर्षं ज्याच्या जिवावर लोकांना परत पाठवलं ते सगळं एका दुपारीत निकालात निघेल. पण खरं सांगायचं तर नियमाची मला तेवढी फिकीर नव्हती. लोक समजतात मला नियम प्यारे आहेत. दुपारभर मी पेन्सिल हातात घेऊन बसले होते ती वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट मी कुणाला कधी सांगितलेली नव्हती. दुर्योधनबाबूंना नाही. कुनीबापांनासुद्धा नाही. इतकी वर्षं ती माझ्या एकटीची होती, आणि तिच्यावर मी दिवस काढत आले.

संध्याकाळी रिक्षा केली नाही. पान फाईलमध्ये, फाईल छातीशी. बिनोद बिहारीच्या गल्लीत पूजा संख्यांचे गठ्ठे उतरत होते, सुतळ्या तुटत होत्या, नव्या कागदाचा तो वास. पूर्वी मला तो आवडायचा. आता त्या दिवसांत मी दुसऱ्या वाटेनं जाते, आज पायांनीच नेलं. एक दुकानदार ओरडला, “अपा, गंगशिउली आला, ताजा!” मी मान हलवली आणि पुढे झाले. चौधरी बाजारात मंडपाचे बांबू उभे राहिले होते. चांदीचा मेढ, देवीच्या पाठीमागची ती मोठी प्रभावळ, अजून पेट्यांतच होता, पण त्याचा मागचा सांगाडा बांधत होते. कुनीला लहानपणी आम्ही अष्टमीला तिथं न्यायचो. सगळं कटक देवीसमोर माना वर करून उभं, आणि ही बापाच्या खांद्यावरून उतरून कुठंतरी पसार. शोधलं तर मेढाच्या मागे. तिथं बांबू, खिळे, गवताच्या पेंढ्या, तारा, आणि एक कामगार जमिनीवर बसून वाटीतलं पखाळ, पाण्यातला शिळा भात, खात होता. त्यानं कुनीलाही एक कांद्याची फोड दिली होती. घरी येईपर्यंत सांगत होती, “समोरून चांदी आहे, मागून काकाचं घर आहे.” ती कविता याचीच. पुढे त्यात ती देवीला विचारते की तुला तरी मागे वळून बघता येतं का. एवढीच आहे, लहानशी. मी तिच्यातला एकही अर्धविराम कधी तपासला नाही.

आजार रक्ताचा होता. श्रावणात तिला मोठ्या दवाखान्यात ठेवलं, आणि डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. चांगला माणूस होता, नजर चुकवली नाही त्यानं. कुनीला आम्ही सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. तिनं दुसरंच विचारायला सुरुवात केली. “बोऊ, पूजेला किती दिवस राहिले?” रोज सकाळी. मी सांगायची. मग म्हणायची, “मेढ बघायला जाऊ. गर्दीत नको, पंचमीलाच जाऊ, मागच्या बाजूनं.” मी म्हणायची, जाऊ. कुनीबापा म्हणायचे, मी खांद्यावर घेतो. तिचं वजन तेव्हा इतकं उतरलं होतं की त्यांनी खरंच घेतलं असतं. मग एक दिवस तिनं सरळच विचारलं, “पूजेपर्यंत असेन ना मी?” खोलीत नर्स होती, तिनं पटकन सलाईनची नळी हातात घेतली. कुनीबापा खिडकीशी गेले. मला जन्मभर शब्दांचं काम, माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. कुनी भिंतीकडे वळली. त्यानंतर तिनं दिवस विचारायचे बंद केले. ते विचारणं बंद झालं त्याचा जितका त्रास झाला तितका नंतर कशाचाच झाला नाही, ती गेली त्याचासुद्धा. देवाशपथ सांगते.

घरी पोचले तेव्हा कुनीबापा व्हरांड्यात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून भाजीचं ते बघतात. मी अजून त्यांना कुनीबापाच म्हणते, नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही आणि दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही. हात धुवायला लावले आणि पान दिलं. त्यांनी चष्मा चढवला, नाव वाचलं, आणि अंगठा नावावर ठेवून बसले. मग एकेक कवितेचं नाव वाचलं, मासिकासकट, महिन्यासकट, लहान मुलासारखे ओठ हलवत.

“चांगलं केलंय,” म्हणाले. “कुणी केलं?”

“सुलग्नानं.”

“चांगली पोरगी आहे. बोलव एकदा जेवायला.” मग भुवया जवळ आल्या. “हे काय? या शेवटच्याला हे काय लावलंय?”

“चांदणी.”

“ते दिसतंय मला. पण ती तर नंतरच्याला लावता ना तुम्ही? हिनं बघितली होती की. मी नव्हतो, मी रक्ताची बाटली आणायला गेलो होतो, पण तू सांगितलंस मला. अंक हातात घेतला, वाचला, हसली, असं सांगितलंस.”

“खरं सांगितलं होतं.”

“मग काढ हे.”

“दुर्योधनबाबूही तेच म्हणतात.”

“म्हणजे ते हो म्हणतायत? मग नाही कोण म्हणतंय? तू?” त्यांचा आवाज चढला. हा माणूस चाळीस वर्षांत माझ्यावर ओरडलेला नाही. “तुझा नियम! तिच्यावरसुद्धा नियम! अगं, काय मिळालं त्या पोरीला? ना लग्न, ना पोर, ना पुस्तक. एक अंक मिळाला हातात. तेवढा एक आनंद, तोही खोडतेस? बाकीच्यांना लाव ना चांदण्या, आकाशभर लाव. माझ्या कुनीला नको.” आणि पान माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी तोंड फिरवलं. शेंगांचं ताट पायानं कलंडलं.

तेव्हा मी सांगितलं. ठरवलं नव्हतं, पण दुसरं काही उरलंच नव्हतं.

“ऐकताय का? तिनं अंक घेतला ना, तर आधी कविता उघडली नाही. मुखपृष्ठच बघत बसली. डिंकाचा वास येत होता, तो घेतला. मग त्या महिन्यावर बोट ठेवलं. अश्विन. मला म्हणाली, बोऊ, छापलेला महिना खरा ना?”

कुनीबापांची पाठ माझ्याकडे होती.

“मला वाटलं नेहमीसारखी टिंगल करतेय. पण हसत नव्हती. वाट बघत होती. पुन्हा म्हणाली, सांग ना, तुझा नियम आहे. छापलेला खरा, का बाहेरचा खरा? मी म्हटलं, छापलेला. म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. कोशात तोच लागतो. मग हसली. म्हणाली, म्हणजे अश्विन लागला. म्हणजे पोचले मी पूजेपर्यंत.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या घरी संध्यादीप लागला, शंख वाजला.

“आणि मग कविता उघडली,” मी म्हटलं. “त्यानंतर ती एकदाही भिंतीकडे वळली नाही. तुम्हीच म्हणाला होतात, शेवटचे दिवस पोर शांत होती म्हणून.”

ते वळले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

“चांदणी काढायची तर मला लिहून द्यावं लागेल की अश्विन खोटा होता,” मी म्हटलं. “अंक भाद्रपदातच निघाला, ती भाद्रपदातच बघून गेली. सगळे म्हणतायत काढ. पण मी तिला नक्की म्हणून सांगितलंय हो. तिनं दोनदा विचारलं होतं.”

पुढचं मला बोलता आलं नाही. मी रडले, व्हरांड्यात, दिवेलागणीला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. तेही रडले. त्यांनी सोललेल्या शेंगा पुन्हा ताटात गोळा केल्या, एकेक, आणि मग कुठं हात ठेवावा ते न कळून माझ्या डोक्यावर ठेवला.

मग त्यांनी पान पुन्हा उचललं, दिव्याखाली धरलं. चांदणीवरून बोट फिरवलं.

“राहू दे मग,” म्हणाले.

“हं.”

“आणि ते कंस वगैरे बघून घे एकदा. कुठं उघडा राहायला नको.”

मी डोळे पुसले, पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. सगळे बंद होते.